मुक्याचं रांधप

माझ्या अंगात पहिल्यांदा जाळ उठला तो दहावीच्या वर्गात, स्पर्शिकेचं प्रमेय शिकवताना. थंडीचे दिवस होते, खिडकीतून खाडीवरचं गार वारं येत होतं, पोरं स्वेटर घालून बसली होती. छातीच्या बरोबर मध्यावर कुणीतरी काडी ओढावी तसं झालं आणि तो जाळ गळ्यावरून कानांच्या पाळ्यांपर्यंत सरसरत चढला. हातातला खडू ओला झाला. फळ्यावर मी ‘म्हणून’ असं लिहिलं आणि म्हणून काय, ते मला आठवेना. सव्वीस वर्षं शिकवलेलं प्रमेय. शेवटी ‘पुढचं घरून करून आणा’ असं दरडावून मी खुर्चीवर बसले. गणिताच्या बाईंचा दरारा अशा वेळी कामाला येतो.

घरी नवऱ्याला वाटायचं, मी रागावले आहे. त्यात त्याची काही चूक नव्हती. मी मुळातच तापट, आणि माझं तोंड लाल होतं ते एरवी रागानंच. तो बिचारा आपलं काय चुकलं ते आठवत बसायचा, आणि त्याला दर वेळी काहीतरी आठवायचंही. मी पंखा पाचावर नेला की तो कानटोपी घालून गोधडीत शिरायचा आणि सकाळी शिंकत उठायचा. मग एक दिवस मी त्याला सरळ सांगितलं. ‘असां काय,’ एवढंच तो म्हणाला, आणि संध्याकाळी मालवणच्या बाजारातून माझ्यासाठी छोटा टेबलफॅन घेऊन आला.

माझा स्वभाव सगळं मोजून बघण्याचा. एकदा जाळ ऐन भरात असताना मी काखेत थर्मामीटर धरला. अंगाची लाही होत होती, ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि थर्मामीटर सांगत होता की बाई, तुला काहीही झालेलं नाही. पारा अठ्ठ्याण्णवाच्या वर गेलाच नाही. त्या काचेच्या नळीकडे मी बघत राहिले. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते नवल. पाऱ्याला पत्ता लागत नाही अशी आग माझ्या अंगात कुणी न पेटवता पेटते आणि आपली आपण विझते. पन्नाशी उलटल्यावर आपल्याच देहात इतकं नवं काही निघेल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं आणि सांगितलं की पाळी जाताना बहुतेक बायकांना हे कमीजास्त होतंच. चहा कमी करा, तिखट कमी करा, सुती कपडे घाला, रोज चाला. सोसवेनासं झालं तर औषधं आहेत, तेव्हा या. तिखटाचं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चहा मात्र दोन कपांवर आणला. पर्समध्ये घडीचा पंखा आणि ओला पंचा ठेवायला लागले. स्टाफरूममधली पंख्याखालची खुर्ची मी मुख्याध्यापकांच्या डोळ्यांदेखत बळकावली. जाळ आला की त्याच्याशी भांडायचं नाही, तो उतरेपर्यंत श्वास मोजत बसायचं, हे मात्र माझं मीच शोधून काढलं.

सासूबाईंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात अठ्ठावीस वर्षांत त्यांनी आणि मी भाताच्या वाणापासून मतदानापर्यंत सगळ्यावर वाद घातले, पण बाईच्या अंगाविषयी कधी बोललो नाही. पाळी आली की ‘बाजूक बसलंय’ म्हणायचं, संपला विषय. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यापाशी हे काढायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

आणि नेमका तोच प्रसंग आला. आमच्या वाडीत देवीच्या मानाची सात घरं आहेत. मार्गशीर्षात देवीचा दिवस असतो. त्या दिवशी सात घरांतून सात पदार्थ रांधून देवळात जातात आणि त्यांवर सगळी वाडी जेवते. एका घराचा भात, एकाचे वडे, एकाची खीर. आमच्या घराचं काळ्या वाटाण्याचं सांबारं, दीडशे पानांचं. याला आमच्याकडे मुक्याचं रांधप म्हणतात. चूल पेटल्यापासून ताट देवीपुढे ठेवून तीर्थ घेईपर्यंत रांधणाऱ्या बाईनं शब्द काढायचा नाही, पाणी प्यायचं नाही, चुलीपासून हलायचं नाही आणि रांधलेलं चाखायचं नाही. तोंडाला फडकं बांधायचं. तिच्याशीही कुणी बोलायचं नाही. ती बोलली, तर टोप तसाच्या तसा आंब्याखाली ओतायचा आणि देवळातली त्या घराची जागा त्या वर्षी रिकामी ठेवायची. एका घराची जागा माझ्या लग्नाच्याही आधी रिकामी राहिली होती. त्या घरातली मुलगी बघायला पाहुणे आले की अजून कुणीतरी त्यांना ते आवर्जून सांगतं.

रांधायचं ते पाळी गेलेल्या बाईनं, आणि नुसती गेलेली नव्हे, जाऊन वर्ष पुरं झालेली. लग्न होऊन आले तेव्हा मी यावरून सासूबाईंना विचारलं होतं, की देवीही बाईच, मग तिला बाईच्या पाळीचं वावडं कशासाठी? ‘माका कित्याक इचारतस? ती थय बसली आसा, तिका इचार,’ असं म्हणून त्या वाटाणे निवडत राहिल्या. तो नियम मला आजही पटत नाही. तरी गेल्या कार्तिकात त्यांनी सांबाऱ्याचा टोप माझ्या हवाली करायचं ठरवलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही, हेही इथे लिहायला हवं. मला तो मान हवा होता.

सत्तावीस वर्षं त्यांनी ते सांबारं रांधलं होतं. आता हात कापत होते, पळी धरवत नव्हती. त्यांनी मला परसात बोलावलं.

‘तुझा वरीस पुरा झाला मा?’

‘झाला.’

‘म्हयन्यांनी मोजलंस काय तिथीन?’

गणिताच्या बाईला हे विचारणं म्हणजे कमाल होती, पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. ‘दोनय परींनी मोजलंय,’ मी म्हटलं. मग माझ्या ओठांवर आलं, की आई, मला जाळ येतात. चार तास चुलीपुढे मुकाट बसणं मला झेपायचं नाही, तुमची सत्तावीस वर्षं माझ्या हातून एका सकाळीत मातीत जातील. पण तोंडातून निघालं ते एवढंच, ‘माका जमात काय, आई?’

‘न जमाक काय झाला?’ त्या म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या.

देवीच्या दिवशी पहाटे न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून मी पडवीतल्या मोठ्या चुलीपुढे बसले. नवऱ्यानं लाकडं रचून दिली आणि तो लांब गेला. मी तोंडाला फडकं बांधलं, काडी ओढली. सासूबाई पडवीच्या दारात पाठमोऱ्या पाटावर बसल्या, कुणी चुकून आत येऊन बोलू नये म्हणून. बाहेर धुकं होतं. शेजारची माणसं शाली गुंडाळून जात होती.

पहिला जाळ आला तो खोबरं भाजताना. मी श्वास मोजले, तो उतरला. दुसरा आला वाटप परतताना, तोही निभावला. आमची चूल लहान नव्हे. तीन बाजूंनी लाकडं ढणढणतात, आणि टोपात वाटाणे उकळायला लागले की वाफ सरळ तोंडावर येते. बाहेरची आग कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते ते मला कळेनासं झालं. हाताशी पाण्याचा तांब्याचा हंडा भरलेला, त्यातून वाटाण्यात पाणी घालायची मुभा आणि स्वतः घोट घ्यायची मनाई. कुणी हा नियम केला असेल त्याला मी त्या सकाळी मनातल्या मनात मालवणीतल्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मनातल्या शिव्यांनी मुकेपण मोडत नाही, असं मी धरून चालले.

मीठ शेवटी घालायचं असतं. जाडं मीठ, दोन करवंट्या, एक कमी नाही की एक जास्त नाही. मी बरणीत करवंटी घातली, आणि त्याच क्षणी तिसरा जाळ आला. तसा मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. पायाच्या अंगठ्यापासून उठला. कानांत दडे बसले, डोळ्यांपुढे टोप हलायला लागला, कपाळावरून घामाचे ओघळ निघाले. देवीच्या रांधपात घाम पडता कामा नये, एवढंच डोक्यात राहिलं. मी बसल्या जागी मागे सरले आणि हंड्याच्या गार तांब्याला कपाळ लावून डोळे मिटले. किती वेळ गेला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा सांबारं उकळत होतं आणि माझ्या हातात रिकामी करवंटी होती.

ती मीठ घालून रिकामी झाली होती, की अजून भरायचीच होती? एक घातली होती, की दोन्ही? मला काही म्हणजे काही आठवेना. बरणीत डोकावले, पण आधी मीठ किती होतं ते कुणी बघून ठेवलं होतं? चाखायचं नाही. विचारायचं नाही. मी टाळी वाजवली, सासूबाई वळल्या. मी करवंटी दाखवली, बरणी दाखवली, हात पसरून विचारलं. त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी पाहिला. त्या पाठमोऱ्या होत्या, त्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वळल्या.

मी हिशेब केला. शून्य, एक किंवा दोन. आणखी एक घातली तर एक, दोन किंवा तीन. मधली शक्यता बरोबर. आयुष्यभर मुलांना शिकवलेलं सगळं गणित मला तिथे एवढंच पुरलं. मी एक करवंटी शीग लावून ओतली आणि चुलीतली लाकडं मागे ओढली.

दुपारी टोप पुरुषांनी बांबूला बांधून नेला. सात घरच्या सात जणी ताटं घेऊन रांगेनं देवळाकडे निघालो. शेताच्या बांधावरून जाताना माझ्या मनात एक साधी गोष्ट आली, की या रांगेत जिच्या अंगातून पाळी गेलेली नाही अशी एकही बाई नाही. सगळ्यात पुढची ऐंशीची, मागची माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. यांच्याही अंगात जाळ उठले असतील का? उठले असतील तर कुठे गेले? मला त्यांच्या पाठी दिसत होत्या, सरळ, ताटातलं एक शीतही न सांडणाऱ्या.

ताटं ठेवली. वाडीच्या जाणत्यानं गाऱ्हाणं घातलं, सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणाले, आमच्या हातांवर तीर्थ पडलं आणि मुकेपण सुटलं. बाकीच्या बायका लगेच बोलायला लागल्या. मी खांबाआड उभी राहून पहिल्या पंगतीकडे बघत होते.

पहिला घास घेतला तो जाणत्यानंच. त्याचा हात क्षणभर पानावर थांबला. मग त्यानं दुसरा घास घेतला. त्याच्या शेजारच्यानं घेतला, तोही किंचित थांबला आणि समोर बघत जेवायला लागला. मला कळलं. दोन्ही करवंट्या आधीच पडल्या होत्या.

देवीच्या रांधपाला नाव ठेवायचं नाही, हा जेवणाऱ्यांचा नियम आहे. तो मी सत्तावीस वर्षं ऐकत होते, त्या दिवशी पाहिला. पाण्याचा जग एकदा फिरला, दोनदा फिरला, तिसऱ्यांदा फिरला. भात पुन्हा पुन्हा मागितला गेला. पण एका माणसानं पानात सांबारं टाकलं नाही, एकानंही शेजाऱ्याकडे बघितलं नाही. माझ्या नवऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तो मोठ्यानं म्हणाला, ‘सांबारा वाढ हय,’ आणि दुसऱ्यांदा घेऊन पान स्वच्छ केलं. दीडशे माणसं माझी चूक गिळत होती, आणि मी अशी थक्क झाले की रडायचंही राहून गेलं.

रडू आलं ते नंतर, देवळामागून वाहणाऱ्या व्हाळावर टोप घासताना. सासूबाई दगडावर बसल्या होत्या. बाजूला भाताच्या घरची काकी आपला टोप घासत होती. सासूबाईंहून पाचएक वर्षांनी लहान, आणि देवीच्या रांगेत कायम त्यांच्या मागोमाग चालणारी.

‘आई, सांबारा खारट झाला,’ मी म्हटलं. ‘माका मीठ घातलंय काय नाय ताच आठवना झाला. आंगात जाळ उठलो. वरीस-दीड वरीस उठता तो. मी तुमकां आधी सांगूक व्हया हुता.’

बोलली ती काकी, टोपावरचा हात न थांबवता. ‘त्येका रडतस कित्याक गो? माझो भात दोन वर्सां करपलो. जाळ उठलो काय भाताकडे बघूची शुद्ध खंय रवता?’

सासूबाईंनी मान वर केली. ‘तुका? तुका जाळ येय?’

‘माका येय, माझ्या भयणीक येय, माझ्या आवशीक तर चांगली आठ वर्सां येय. सगळ्यांकच येता ता. तुका येवक नाय?’

सासूबाई पाण्याकडे वळल्या. काकीनं टोप बाजूला ठेवला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘माझा वरीस पुरा होवक नव्हता.’

तुटक तुटक त्यांनी सांगितलं. त्यांची सासू त्या वर्षी अंथरुणाला खिळलेली, घरात रांधायला चालेल असं दुसरं कुणी नाही, जागा रिकामी राहणार. पाळी जाऊन नऊच महिने झाले होते. त्यांनी वर्ष झालं म्हणून सांगितलं आणि रांधायला बसल्या. त्याच दिवशी, त्याच चुलीपुढे, त्यांच्या अंगात पहिला जाळ उठला. ‘माका वाटला, तिनाच घातल्यान तो. खोटा बोललंय म्हणान. सा वर्सां जळत हुतंय. सांगतलंय कोणाक? सांगलंय तर खोटा भायर पडतला.’

मला लग्नानंतरचा पहिला पौष आठवला. भर थंडीत ही बाई विहिरीवर उभी राहून डोक्यावर कळशीमागून कळशी ओतून घ्यायची आणि ओल्या लुगड्यानं तशीच उभी राहायची. सासू विक्षिप्त आहे, असं मी माहेरी पत्रातून कळवलं होतं. ती तर शिक्षा भोगत होती. देवी आपल्याला जाळते आहे अशी तिची खात्री होती, आणि तरी दर मार्गशीर्षात ती त्याच देवीसाठी चुलीपुढे मुकाट बसली, मीठ न चुकवता. मला औषधं माहीत होती, डॉक्टरीणबाई होती, पंखा आणून देणारा नवरा होता. हिच्यापाशी काय होतं? मी तिच्याकडे बघितलं आणि मला तिच्या पायाला हात लावावासा वाटला. लावला. ‘ह्या काय आता,’ म्हणत त्यांनी पाय मागे घेतले.

‘मगे ती रागावूक नव्हती?’ त्यांनी काकीला विचारलं.

‘तिका तितको येळ खंय आसा?’ काकी म्हणाली आणि पुन्हा टोप घासायला लागली.

सासूबाई उठल्या. ‘माका आत व्हर,’ असं म्हणून त्यांनी माझा दंड धरला. पंगती उठल्या होत्या, देऊळ रिकामं होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी त्या थांबल्या. त्या वर्षापासून तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही, त्या म्हणाल्या; ताट ठेवायचं आणि खालच्या मानेनं मागे फिरायचं. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली, उंबऱ्याला धरून सावकाश मान वर केली आणि समईच्या उजेडात आमच्या देवीकडे बघितलं. वीतभर काळा दगड आहे तो, त्यावर चांदीचे दोन डोळे.

‘येवढीशीच आसा गो ती,’ त्या म्हणाल्या.